कात्री अग्निशमन दलाला लागते तेव्हा

शहराच्या तिजोरीत खडखडाट झाला की खर्च कुठे कमी करायचा, हा प्रश्न कधी ना कधी प्रत्येक प्रशासनापुढे येतो. कचरा उचलला नाही तर दुसऱ्या दिवशी दुर्गंधी सुटते. नळाला पाणी आले नाही तर मोर्चा येतो. अग्निशमन दलातील दहा पदे रिक्त ठेवली तर मात्र दुसऱ्या दिवशी काहीच घडत नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बंब केंद्रात उभा असतो, त्याचा लाल रंग तसाच चकाकत असतो आणि बचत मात्र हिशेबात जमा झालेली असते. याच कारणाने अडचणीच्या काळात अग्निशमन दल अर्थखात्याच्या नजरेत भरते. अशा बचतीचे पुढे काय होते, याची उदाहरणे जगातील मोठ्या शहरांनी मागे ठेवली आहेत. त्यांत न्यूयॉर्कचे उदाहरण सर्वांत मोठे आणि सर्वांत दाहक आहे. ते समजण्यासाठी आधी या दलाचा साधा हिशेब पाहावा लागतो.

बंबावरील एक जागा भरण्यासाठी एक माणूस पुरत नाही. आठवड्याचे तास १६८. लंडनमध्ये जवानांचा आठवडा सरासरी ४२ तासांचा असतो आणि त्यासाठी चार तुकड्या आळीपाळीने काम करतात. म्हणजे बंबावरची एक जागा रात्रंदिवस भरलेली ठेवायला किमान चार माणसे हवीत. त्यात रजा, आजारपण, प्रशिक्षण आणि जखमी होणे धरले की हा आकडा पाचाच्या आसपास जातो. चार जवानांचा एक बंब वर्षभर सज्ज ठेवायचा तर वीस जणांचा पगार द्यावा लागतो. अग्निशमन दलाच्या खर्चाचा सर्वांत मोठा वाटा वेतनाचा असतो, त्याचे कारण हेच. डिझेल, पाइप, गणवेश यांत काटकसर करून फारसे हाती लागत नाही. खरी बचत करायची तर माणसे कमी करावी लागतात, आणि बंबावरील चारांपैकी एक जागा रद्द केली की एका फटक्यात पाच पगार वाचतात. हिशेबनिसाला हा मोह आवरणे कठीण.

त्या एका जागेची किंमत किती, हे मोजण्याचा प्रयत्न अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने केला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत एका साध्या घराला लागलेल्या आगीवेळी करावी लागणारी २२ कामे दोन, तीन, चार आणि पाच जणांच्या पथकांकडून पुन्हा पुन्हा करवून घेण्यात आली. पाइप ओढणे, दार फोडणे, शिडी लावणे, आत शोध घेणे, धूर बाहेर काढणे अशी ही कामे. चार जणांच्या पथकांनी ती तिघांच्या पथकांपेक्षा सुमारे २५ टक्के आणि दोघांच्या पथकांपेक्षा सुमारे ३० टक्के लवकर पूर्ण केली. मिनिटांत सांगायचे तर तिघांच्या तुलनेत पाच मिनिटांहून अधिक वेळ वाचला. शिवाय अमेरिकेत एक नियम आहे: धुराने भरलेल्या घरात दोघे शिरले तर त्यांच्यासाठी बाहेर दोघे सज्ज असले पाहिजेत. आत कोणी अडकल्याचे स्पष्ट असेल तरच त्याला अपवाद. म्हणजे तिघांचा बंब वेळेवर पोहोचूनही दुसऱ्या बंबाची वाट पाहत दारात थांबू शकतो. नागरिकाला दिसते ते एवढेच की बंब आला आणि जवान नुसते उभे राहिले.

ही पाच मिनिटे पूर्वी इतकी महाग नव्हती. घरातील सामान लाकूड, कापूस, काथ्या यांचे होते तेव्हा आग सावकाश वाढत असे. आता सोफ्यात फोम आहे, पडदे कृत्रिम धाग्याचे आहेत, कपाटे चिकटवलेल्या भुशाची आहेत. अमेरिकेतील एका प्रसिद्ध चाचणीत जुन्या पद्धतीच्या सामानाने सजवलेली खोली पूर्ण पेट घ्यायला सुमारे २९ मिनिटे लागली. आधुनिक सामानाच्या खोलीला चार मिनिटेही लागली नाहीत. खोली एकदा अशी भडकली की आतल्या माणसाच्या वाचण्याची आशा जवळजवळ संपते. वर्दी मिळणे, जवानांनी गाडीत बसणे, रस्ता कापणे, पाइप जोडणे या सगळ्याला मिळून हाच काय तो अवधी.

कपात सहसा एकदम होत नाही, ती पायऱ्यापायऱ्यांनी येते. आधी भरती थांबते. निवृत्त झालेल्याच्या जागी नवा येत नाही. कोणालाही घरी पाठवलेले नसते, म्हणून बातमी होत नाही. मग उरलेल्यांना जादा काम दिले जाते. काही काळाने जादा कामाचा भत्ताच पगारापेक्षा डोईजड होतो आणि त्यालाही कात्री लागते. त्यानंतर बंबावरील माणसे कमी होतात. तपासणी आणि प्रबोधन करणाऱ्या अधिकाऱ्यांना पाळीच्या कामावर ओढले जाते. मग एखादे पथक ‘आजच्या दिवसापुरते’ बंद राहते, आणि सर्वांत शेवटी केंद्राला कुलूप लागते. कुलूप लागते तेव्हा लोक जागे होतात. तोवर बरीचशी कपात होऊन गेलेली असते.

‘आजच्या दिवसापुरते बंद’ या पायरीला अमेरिकेत वीजकपातीवरून नाव पडले: ब्राऊनआउट. कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो शहराने फेब्रुवारी २०१० पासून दररोज आठपर्यंत बंब आळीपाळीने बंद ठेवायला सुरुवात केली. त्याच वर्षी जुलैमध्ये एका उपनगरात दोन वर्षांच्या मुलाच्या घशात गोळी अडकली. अमेरिकेत अग्निशमन दलाला येणाऱ्या वर्दींपैकी निम्म्याहून अधिक वैद्यकीय मदतीच्या असतात, आणि अशा वेळी जवळच्या केंद्रातील जवानच प्रथम धावतात. या घराच्या अगदी हाकेच्या अंतरावर केंद्र होते. पण तेथील बंब त्या दिवशी बंद पाळीत नव्हता. तो दुसऱ्या वर्दीवर गेला होता, ती वर्दी ज्या भागातली होती तेथील बंब बंद होता. मदत पोहोचायला नऊ मिनिटांहून अधिक वेळ लागला. मूल वाचले नाही. जो बंब बंद ठेवला जातो त्याची झळ त्याच गल्लीला बसते असे नाही, हे या घटनेने दाखवले. शेजारचा बंब त्याच्या जागी जातो, त्याच्या शेजारचा आणखी पुढे सरकतो आणि तूट भलत्याच दारात जाऊन उभी राहते.

डेट्रॉइटची गोष्ट वेगळी, काहीशी केविलवाणी. जुलै २०१३ मध्ये या शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याआधीच्या वर्षांत अग्निशमन केंद्रे बंद झाली होती, जवान कमी केले गेले होते. उरलेल्या केंद्रांत वर्दी कळवणारी नीट यंत्रणाही नव्हती. काही केंद्रांत वर्दीचा कागद जुन्या फॅक्स यंत्रातून बाहेर यायचा. तो आल्याचे कळावे म्हणून जवानांनी यंत्राच्या तोंडाशी नाणी भरलेला शीतपेयाचा रिकामा डबा ठेवला होता. कागद आला की डबा पडायचा, खणखणाट व्हायचा आणि जवान उठायचे. २०१४ मध्ये हे वृत्तपत्रांतून जाहीर झाले तेव्हा अमेरिका हसली. जवानांच्या कल्पकतेला दाद द्यावीच लागेल, पण एका मोठ्या शहराचे रक्षण त्या डब्यावर अवलंबून होते.

आता न्यूयॉर्क. साठच्या दशकाच्या अखेरीस तेथे आगींची संख्या भराभर वाढत होती. महापौर जॉन लिंडसे यांना शहराचा कारभार शास्त्रशुद्ध करायचा होता. त्यांनी संरक्षण खात्यासाठी गणिती अभ्यास करणाऱ्या रँड या संस्थेला १९६८ मध्ये पाचारण केले. पुढच्या वर्षी न्यूयॉर्क सिटी–रँड इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिचे सुरुवातीचे काम खरोखर उपयोगी होते. पाण्यात एक बहुवारिक रसायन मिसळल्यास पाइपमधील घर्षण कमी होते आणि बारीक, हलक्या पाइपमधूनही भरपूर पाणी जाते, हा प्रयोग याच काळातला. पण लवकरच शहरावरील कर्ज वाढले आणि प्रश्न बदलला. दल अधिक चांगले कसे करावे हा प्रश्न मागे पडला. कोणती पथके काढली तर चालेल, हे विचारले जाऊ लागले.

उत्तर काढण्यासाठी जे माप निवडले ते होते बंब पोहोचायला लागणारा वेळ. माप सोयीचे होते, कारण ते घड्याळाने मोजता येते. त्यामागे एक सुंदर गणिती नियम होता: एखाद्या भागात जितके बंब उपलब्ध असतील त्या संख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बंबाचे घटनास्थळापासूनचे सरासरी अंतर बदलते. सारख्याच आकाराचे दोन भाग घेऊ. एकात चार बंब आहेत, दुसऱ्यात सोळा. पहिल्यातून एक काढला तर सरासरी अंतर सुमारे १५ टक्क्यांनी वाढते. दुसऱ्यातून एक काढला तर जेमतेम ३ टक्क्यांनी. अर्थात गणित सांगणार, सोळातला एक काढा.

पण त्या भागात सोळा बंब मुळात ठेवले कशासाठी होते? तेथे सतत आगी लागत होत्या म्हणून. दक्षिण ब्रॉन्क्समध्ये एखाद्या रात्री सोळांपैकी बारा बंब बाहेर असत. अशा वेळी हाती चारच उरत, आणि त्यातला एक काढला की तोच १५ टक्क्यांचा फटका बसे. शिवाय पहिला बंब किती वेळात पोहोचला यावरून आग किती वेळात विझली हे कळत नाही. पाचव्या मजल्यावर आग आहे, जिन्यात माणसे आहेत आणि दुसरा-तिसरा बंब येतच नाही, ही स्थिती सरासरीत दिसत नाही. टीकाकारांचा मुख्य आक्षेप हाच राहिला की या प्रतिमानांचा वापर करताना बंब केंद्रातच उभे आहेत असे धरले गेले. १९७२ पासून पथके बंद होऊ लागली आणि त्यांत ज्या वस्त्या सर्वाधिक जळत होत्या, म्हणजेच गरीब, कृष्णवर्णीय आणि प्युर्टो रिकन लोकांच्या वस्त्या होत्या, त्यांना मोठा फटका बसला. श्रीमंत वस्तीतील केंद्राला हात लावला की नगरसेवकांपासून संपादकांपर्यंत सारे जागे होत, हेही कारण गणिताइतकेच खरे असावे.

१९७५ मध्ये शहर दिवाळखोरीच्या काठावर आले. त्या जूनमध्ये पोलीस आणि अग्निशमन दलाच्या संघटनांनी पर्यटकांना वाटण्यासाठी एक पत्रक छापले होते. मुखपृष्ठावर कवटी आणि आत ‘भयनगरी’त कसे जगावे याच्या सूचना. हॉटेलात आगीच्या जिन्याजवळची खोली मागावी, असा सल्लाही त्यात होता. पत्रक अतिरंजित होते, पण २ जुलै १९७५ रोजी अग्निशमन दलातील सुमारे १६०० जवानांना खरोखरच कामावरून कमी करण्यात आले आणि दोन डझनांहून अधिक पथके बंद झाली. ओरड झाली तेव्हा अनेकांना काही दिवसांतच परत बोलावले गेले, सर्वांना नाही. तपासणी आणि जाळपोळीचा शोध घेणाऱ्या पथकांनाही झळ बसली. इमारतीतील दोष शोधणारे कमी झाले, त्यामुळे आगी वाढल्या. आग लावणाऱ्याला पकडणारे कमी झाले, त्यामुळे लावलेल्या आगीही पचू लागल्या.

परिणाम जनगणनेत दिसतो. १९७० ते १९८० या दशकात ब्रॉन्क्समधील सात जनगणना विभागांनी आपल्या ९७ टक्क्यांहून अधिक इमारती आगीत आणि ओस पडून गमावल्या. ४४ विभागांनी निम्म्याहून अधिक गमावल्या. ऑक्टोबर १९७७ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर शार्लट स्ट्रीटवरील विटांच्या ढिगाऱ्यांतून चालले. पुढच्याच आठवड्यात यँकी स्टेडियमवरील बेसबॉल सामन्याच्या प्रक्षेपणात मैदानाजवळची जळणारी शाळा साऱ्या देशाने पाहिली. समालोचकाच्या तोंडी त्या वेळचे म्हणून घातले जाणारे ‘ब्रॉन्क्स जळत आहे’ हे वाक्य त्याने तसे उच्चारल्याचे ध्वनिमुद्रणात सापडत नाही. दंतकथा मात्र टिकली.

हे सारे केवळ बंब कमी झाल्यामुळे घडले असे म्हणणे अन्यायाचे होईल. बँकांनी त्या वस्त्यांना कर्ज देणे थांबवले होते, मध्यमवर्ग उपनगरांत निघून गेला होता. मोडकळीस आलेल्या इमारतीच्या किमतीपेक्षा तिच्या विम्याची रक्कम मोठी झाली होती, आणि काही मालकांनी त्यावरून जो बोध घ्यायचा तो घेतला. अभ्यासकांमध्ये आजही या कारणांच्या वजनावरून वाद आहे. रॉड्रिक आणि डेबोरा वॉलेस यांनी १९९८ च्या पुस्तकात कपातीला केंद्रस्थानी ठेवले. अलीकडचे लेखन विम्यावर अधिक भर देते. पण ज्या वस्तीत आग लागण्याची कारणे वाढत होती, तिथलेच बंब काढून घेतले गेले, याविषयी वाद उरत नाही.

ब्रुकलिनमधील विल्यम्सबर्ग येथे मात्र रहिवाशांनी वेगळा मार्ग धरला. नोव्हेंबर १९७५ मध्ये तेथील २१२ क्रमांकाचे पथक बंद करण्याचा आदेश आला. बहुतांश पोलिश वंशाच्या त्या कामगार वस्तीने केंद्रालाच वेढा घातला आणि बंब हलू दिला नाही. कुटुंबे आळीपाळीने केंद्रात राहू लागली. सुमारे सोळा महिने हा ठिय्या चालला. शेवटी शहर नमले आणि पथक परत आले. त्या इमारतीला लोक ‘जनतेचे अग्निशमन केंद्र’ म्हणू लागले. पुढे मे २००३ मध्ये महापौर ब्लूमबर्ग यांच्या काळात सहा पथके बंद झाली, त्यांत २१२ क्रमांकही होता. या वेळी ते परत आले नाही.

लंडनचा अनुभव इतका भडक नाही आणि म्हणूनच अधिक विचार करायला लावतो. ९ जानेवारी २०१४ रोजी तेथील दहा केंद्रे एकाच दिवशी बंद झाली. त्यांत १८७२ पासून चालत आलेले क्लार्कनवेलचे केंद्रही होते. चौदा बंब आणि ५५२ पदे कमी झाली. अग्निशमन प्राधिकरणाचाच या योजनेला विरोध होता. महापौर बोरिस जॉन्सन यांनी आदेश देऊन ती पुढे रेटली आणि सात स्थानिक परिषदांनी न्यायालयात दिलेले आव्हान फेटाळले गेले. शासनाचा युक्तिवाद बिनबुडाचा नव्हता. ब्रिटनमध्ये आगी आणि आगीतील मृत्यू अनेक वर्षे घटत होते. मग तितकेच जवान कशाला, असा सवाल होता. पहिला बंब सरासरी सहा मिनिटांत पोहोचण्याचे उद्दिष्ट शहराच्या पातळीवर पाळलेही गेले.

अडचण दोन ठिकाणी आहे. एक, सरासरी शहराची असते आणि आग एका घराला लागते. दुसरी अधिक गंभीर. आगी घटल्या त्या धूरसूचक यंत्रे आणि घरोघरी जाऊन केलेल्या तपासण्यांमुळेही, आणि त्या तपासण्या करणारे हात याच जवानांचे होते. औषधाने ताप उतरला म्हणून औषध बंद करण्यातला हा प्रकार. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१५ मध्ये दाखवून दिले की स्वतंत्र अग्निशमन प्राधिकरणांचे शासकीय अनुदान पाच वर्षांत, महागाई वजा जाता, सरासरी २८ टक्क्यांनी घटले होते.

१४ जून २०१७ च्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीत ७२ माणसे मेली. तिचे खापर कपातीवर फोडणे योग्य नाही. इमारतीच्या बाहेरचे ज्वलनशील आवरण आणि ते लावू देणारी व्यवस्था हे तिचे मूळ. तरीही एक तपशील नोंदवण्यासारखा आहे. २४ मजली इमारत जळत असताना लंडन दलाकडील सर्वांत उंच शिडी ३२ मीटरची होती. ४२ मीटरची शिडीगाडी शेजारच्या सरे परगण्यातून मागवावी लागली. नंतर लंडनने ६४ मीटरच्या शिड्या घेतल्या.

भारतात ही कपात वेगळे रूप घेते. येथे कोणी मोठ्या संख्येने जवान काढत नाही. मंजूर पदे वर्षानुवर्षे रिक्त ठेवली जातात. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा नगरपालिकांच्या कामांत धरली आहे. मुंबई, पुणे किंवा वडोदऱ्यात ती महापालिका चालवते. गोव्यात मात्र राज्याचे संचालनालय आहे आणि बेळगावातही सेवा राज्याची आहे. त्यामुळे पणजीतील बंबावर किती जवान बसणार, हे महापालिकेच्या सभेत ठरत नाही. ते विधानसभेत मांडल्या जाणाऱ्या मागण्यांत ठरते. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार केंद्राने राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी आणि आधुनिकीकरणासाठी २०२३ मध्ये ५००० कोटी रुपयांची योजना सुरू केली. नवी केंद्रे, प्रशिक्षण संस्था, आधुनिक उपकरणे ही तिची उद्दिष्टे. गोव्यासारख्या राज्याला त्यात स्वतःचा २५ टक्के हिस्सा घालावा लागतो. पगार मात्र या उद्दिष्टांच्या यादीत नाही. नव्या गाडीचे उद्घाटन होते, छायाचित्र येते. तिच्यावरील प्रत्येक जागेमागे वर्षभर हवी असलेली पाच माणसे कुठल्याही छायाचित्रात मावत नाहीत.

गोव्यात तपासणीचे काम आणखी मोलाचे आहे. किनारपट्टीवर हंगामात लोकसंख्या फुगते, बांबूचे आणि झावळ्यांचे आडोसे रातोरात उभे राहतात, रस्ते मात्र वाड्यावरच्या जुन्या पाणंदीएवढेच राहतात. डिसेंबर २०२५ मध्ये हडफडे येथील नाइट क्लबच्या आगीत २५ जणांचा जीव गेला, तेव्हा चर्चा प्रामुख्याने परवाने, बाहेर पडण्याचे मार्ग आणि बंबांना अडचणीचा ठरलेला रस्ता यांविषयी झाली. ही सारी कामे आग लागण्याच्या कितीतरी आधीची, दिवसाउजेडी वही घेऊन फिरणाऱ्या अधिकाऱ्याची. जवान अपुरे पडतात तेव्हा त्याच अधिकाऱ्याला पाळीवर बसवले जाते.

अर्थसंकल्पात अग्निशमन दलाची एकूण तरतूद वाढलेली दिसली तरी तेवढ्यावरून फारसे कळत नाही. मंजूर पदे किती आणि भरलेली किती, प्रत्येक पाळीत एका बंबावर प्रत्यक्ष किती जवान असतात, जादा कामाच्या भत्त्यावर किती खर्च झाला, वर्षभरात किती आस्थापनांची प्रत्यक्ष तपासणी झाली, दुसरा बंब पोहोचायला किती वेळ लागला, हे आकडे तरतुदीच्या रकमेपेक्षा अधिक सांगून जातात. आमदार ते विधानसभेत प्रश्न विचारून मिळवू शकतात आणि नागरिक माहिती अधिकाराच्या साध्या अर्जाने.